सभा अमावस्येला होती

ऐरोलीच्या समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या दोनशे,
भरल्या एकसष्ट.
त्यातल्या अकरा आमच्याच खात्याच्या,
मी धरून.
माझं काम इतिवृत्त लिहिणं:
कोण बोललं, काय बोललं,
आणि खाली, नोंद घेण्यात आली.

भिंतीवर नकाशा. खाडी निळी, तिवरं हिरवी,
अभयारण्याची हद्द लाल रेघेने.
पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला की रेघ सरकायची,
साहेब पेनाच्या टोकाने तिला दाबून धरायचे.
दहा वर्षांचा आराखडा.
मी निवृत्त होतोय तिसऱ्या वर्षी,
कुणाला सांगितलं नाही,
पण पानं उलटताना अंगठा तिथे थांबला.

पहिले उठले सेक्टर पंधराचे गद्रे.
त्यांना डास नकोत.
तिवरं विरळ करावीत, असं त्यांचं म्हणणं,
लेखी, तीन प्रतींत.

मग झोया मुकादम, कॉलेजची दोरी गळ्यातच.
पुलावरच्या दिव्यांबद्दल बोलली:
रात्री उडणाऱ्या रोहितांना ओला रस्ता पाण्यासारखा दिसतो,
ते उतरतात.
"मागच्या वर्षी एकाला मी टॉवेलात गुंडाळून नेलं.
एवढा उंच पक्षी, आणि हातात काहीच वजन नाही."
साहेब म्हणाले, पूल आपल्याकडे येत नाही.
मी लिहिलं: दिवे. संबंधित खात्याशी पत्रव्यवहार करावा.
वजनाचं लिहिलं नाही.

पावणेपाचला दारात बारकीबाई मढवी.
टोपली बाहेर ठेवली, खुबे अजून थुंकत होते.
गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडत चाललेला,
फरशीवर पावलं उमटवत ती थेट नकाशाशी गेली
आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही भरतीची, का सुकतीची?"

"सरासरी, मावशी."

"सरासरीवर कोन चालतं? आमी चिखलावर चालतो."

कुणीतरी हसलं. ती थांबली, त्याचं हसून होईपर्यंत.

"आज आवस हाय. चारला पानी उतरत असतं.
सगल्या बाया चिखलान गेल्या.
पाखरं पन तिथंच.
ज्यांच्यासाठी तुमी बसलाव ती बी तिकडं, नि आमी बी तिकडं,
मंग हितं कोन हाय?
ही येल ठेवली कोनी?"

मी.
सूचना मीच टाइप केली होती.
शुक्रवारी हॉल रिकामा मिळत होता,
तेवढंच पाहिलं होतं.

गद्रे चष्मा पुसत राहिले.
साहेब म्हणाले, सूचना स्वागतार्ह आहे.
चहा आला.

रात्री इतिवृत्त पक्कं करायला बसलो.
नमुन्यात हजर असलेल्यांचा रकाना असतो,
गैरहजरांचा नसतो.
पट्टीने एक आखला.
बायका, अंदाजे चाळीस.
रोहित, मोजले नाहीत.
कोण हसलं, त्याचं नाव मला माहीत होतं, ते सोडलं.

सोमवारी सहीच्या वेळी साहेबांनी रकाना खोडला,
रागाने नाही, एकाच सरळ रेघेने.
खालचं अजून वाचता येतं.

पुढच्या सभेसाठी मी कॅलेंडरात अष्टमी शोधली.
भांगाचे दिवस: पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
चिखल उघडा पडत नाही,
बाया घरी असतात.
त्या दिवशी हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं आहे.
मग दिव्याच्या कोळीवाड्यात, धक्क्यावर घेऊ,
असं टिपणात लिहून पाठवलं.
शेरा आला: खुर्च्यांचं काय?

फाइल अजून माझ्याच टेबलावर आहे.
आज चतुर्थी.
सकाळची सुकती नवाच्या पुढे.
हे हल्ली मला माहीत असतं.